रवा नको, तवा वेगळा: सीलिॲक निघाल्यावर गोव्यात बाहेर जेवताना

मे 2023 मध्ये माझं हिमोग्लोबिन 8.1 आलं. त्याआधी वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू होत्या. जोडीला बीट, खजूर, काळे मनुके, लोखंडी तवा, सगळं करून झालं होतं. पोट फुगायचं, तोंड यायचं, ऑफिसचा जिना चढला की दम लागायचा. वय झालं, असं मी धरून चालले होते. म्हापशातल्या आमच्या डॉक्टरांना ते पटेना. गोळी पोटात जातेय आणि रक्तात उतरत नाही, म्हणजे मधे कुठेतरी अडतंय, असं म्हणून त्यांनी टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये रक्तात वाढणारं प्रतिद्रव्य) आणि टोटल आयजीए अशा दोन रक्तचाचण्या लिहून दिल्या. दोन्ही मिळून 1,900 रुपये. नमुना मुंबईला जातो, म्हणून रिपोर्टला चार दिवस.

टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून वर आला. डॉक्टर म्हणाले, सीलिॲक, म्हणजे गव्हामुळे आतडं झिजवणारा आजार असणार, पण एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. आणि तोवर पाव, चपाती बंद करायची नाही. हे मला वेळेवर सांगितलं गेलं म्हणून इथे ठळकपणे लिहिते. गहू थांबवला की आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, मग तपासणीत काहीच दिसत नाही, आणि खात्री करायची तर पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊन आजारी पडावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नेटवर वाचून आधीच गहू सोडला होता. त्यांचं निदान अजून लटकलेलं आहे.

पोटविकारतज्ज्ञांची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. ऑगस्टच्या सुरुवातीला पणजीतल्या एका खासगी इस्पितळात एंडोस्कोपी झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी, घशात बधिर करणारा कडवट फवारा, दहा-बारा मिनिटं नळी. सुखाचं नाही, पण ऐकून होते तेवढं भयंकरही नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून पाच-सहा कणाएवढे तुकडे काढले. बायोप्सी धरून 8,500 रुपये झाले. आठवड्याने रिपोर्ट: आतड्यातल्या बारीक लवा झिजून सपाट होत चालल्या आहेत. लोह, कॅल्शियम शोषून घेतात त्या याच लवा.

ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. गोळी नाही, लस नाही. जन्मभर ही धान्यं बंद, एवढाच उपचार. आणि बंद म्हणजे चमचाभर नव्हे, कणसुद्धा नाही. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमचं बरं आहे, गोव्यात सगळं तांदळाचंच." घरी येईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

घरचं फार लांबवत नाही. पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, लाकडी कालथे, पीठ मळायची परात, सगळं माझ्यापुरतं वेगळं केलं. नाचणी आणि ज्वारी गिरणीवर दळून आणणं बंद, कारण आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात. आता घरीच छोट्या चक्कीत दळतो. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली तेव्हा धक्का बसला: बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण शोधावा लागतो. सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. शेजारपाजारून नेवऱ्यांचे डबे आले, ते सगळे नवऱ्याने आणि मुलीने संपवले. पातोळ्या आणि मणगणं यांवर माझी चवथ झाली, आणि खरं सांगते, काही कमी पडलं नाही.

अडलं ते बाहेर. मी सहकारी संस्थांच्या ऑडिटला फिरते. आज पेडणे, परवा वाळपई, महिन्याकाठी काणकोण. रोज डबा नेणं जमतं, पण संस्थेचे अध्यक्ष "चला मॅडम, जेवायला" म्हणून उठले की दरवेळी डबा उघडून बसणं फार अवघड जातं. लग्नं, बारशी, नवऱ्याच्या मित्रांची रविवारची जेवणं वेगळीच. पहिले दोन महिने मी कुठेही गेलेच नाही. "तुम्ही जा, मला काम आहे" हे वाक्य इतकं तोंडात बसलं की मुलगीच एके दिवशी म्हणाली, आई, तुला रविवारी कसलं गं काम?

मग मी माहीत असलेल्या जागेपासून सुरुवात करायची ठरवली. म्हापशात बाजाराजवळ आम्ही वर्षानुवर्षं जात होतो ती राइस प्लेटची जागा. वेटर ओडिशाचा पोरगा, हसरा. त्याला विचारलं, तळलेल्या माशाला गहू लावता का? तो ठामपणे म्हणाला, "नहीं मैडम, गेहूं बिलकुल नहीं. सिर्फ रवा." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात गहू म्हणजे चपाती. रवा, मैदा, शेवया, पाव या त्याच्या हिशेबाने वेगळ्या वस्तू. त्या दिवसापासून मी "गहू आहे का" हा प्रश्न सोडून दिला.

घरी येऊन कागद घेतला आणि त्या एका ताटाचा हिशेब मांडला. शीत, म्हणजे उकड्या तांदळाचा भात: बिनघोर. हुमण, म्हणजे माशाची आमटी: नारळ, मिरची, कोकम किंवा चिंच, तिरफळं, पीठ कशातच नाही. तिसऱ्यांचं सुकं तसंच. किसमूर: सुकी सुंगटं (कोळंबी), खोबरं, कांदा, ठीक. सोलकढी ठीक, पण वरून फोडणी असेल तर हिंग विचारायचा. वरण, भाजी, लोणचं, पापड: चारही ठिकाणी हिंगाचा संशय, म्हणून सरळ परत. आणि मासा. गोव्यात मासा मागितला की रव्यात घोळवूनच येतो. बिनरव्याचा मागितला तरी तो त्याच तव्यावर, त्याच तेलात पडतो, जिथे मिनिटापूर्वी रव्यातला बांगडा तळला होता. तव्याच्या कडेला तो जळका रवा साचलेला सगळ्यांनी पाहिला असेल. तळल्याने ग्लुटेन मरत नाही. म्हणजे अख्ख्या ताटाचा प्रश्न शेवटी तव्यावर येऊन थांबतो.

मग प्रश्न बदलले. माशाला काय लावता? तवे किती आहेत? माझ्यापुरतं एक छोटं पॅन धुऊन त्यात नवं तेल घालाल? कालथा दुसरा घ्याल? अशा प्रश्नांना "नाही मॅडम, काही नाही" असं उडवून लावता येत नाही. स्वयंपाकघरात जाऊन बघून यावं लागतं, आणि जो बघून येतो त्याच्याकडे जेवण्यात अर्थ असतो.

वेळही महत्त्वाची. दुपारी दीडला, बाहेर लोक उभे असताना, कोणताही आचारी माझ्या पॅनची काळजी घेणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. बाराच्या आत किंवा अडीचनंतर जावं. बाराच्या आत जास्त बरं, कारण तोवर तेल नवं असतं. पावसाळ्यात तर सोन्याहून पिवळं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पर्यटक कमी, आचाऱ्याला उभं राहून बोलायला वेळ असतो. मी ज्या जागांवर आज डोळे मिटून जेवते, त्यातल्या बहुतेकांशी माझी ओळख 2024 च्या जून-जुलैमध्ये झाली.

पण ते पुढचं. आधी फेब्रुवारी 2024 चा प्रसंग सांगायला हवा, कारण त्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. उत्तर गोव्यात समुद्राकाठचं एक नावाजलेलं रेस्टॉरंट. नाव देत नाही. मेन्यूवर काही पदार्थांपुढे हिरव्या अक्षरांत "जीएफ", म्हणजे ग्लुटेन-फ्री, छापलेलं. मी इतकी हरखले की नवऱ्याला त्याचा फोटो काढायला लावला. ग्रिल्ड इसवण आणि बटाट्याचे चिप्स मागवले, दोघांचं बिल 2,200 रुपये. तीन तासांत पोटात पिळवटायला लागलं, पुढचा दीड दिवस बिछान्यात गेला. तोंड आलं ते आठवडाभर. दुसऱ्या दिवशी फोन केला. मॅनेजर सभ्यपणे बोलला. चिप्स कुठे तळता विचारलं, तर म्हणाला, फ्रायर एकच आहे, त्यातच रिसॉइस (मैद्याच्या पारीच्या तळलेल्या करंज्या) आणि ब्रेडचा चुरा लावलेली सुंगटं तळतो. मग जीएफ कसं? तर रेसिपीत मैदा नाही म्हणून.

म्हणजे मेन्यूवरची ती अक्षरं पाककृतीबद्दल असतात, स्वयंपाकघराबद्दल नाही. तेव्हा मी नियम वाचून काढले. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. हॉटेलच्या मेन्यूवर ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देण्याची सक्ती लेबलिंगच्या 2020 च्या नियमांत आहे, पण ती ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या 10 अथवा अधिक शाखा आहेत अशांना. म्हणून मोठ्या साखळीच्या कॅफेत गेलात तर ॲलर्जन चार्ट जरूर मागा. काउंटरवरच्या पोराला माहीत नसतो, मॅनेजरकडे असतो. त्या यादीत गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन, सल्फाइट हे येतात, म्हणजे सुंगटांची ॲलर्जी असलेल्यांनाही ती उपयोगी. गल्लीतल्या खाणावळीला असली काही सक्ती नाही. दोघांसाठी एक गोष्ट सारखी: बिलावर 14 आकडी परवाना क्रमांक असतो, आणि तक्रार करायची झाली तर फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर तो लागतो. बिल टाकून देऊ नका. मी तक्रार केली नाही. मॅनेजरने पुढच्या आठवड्यात चिप्सपुढची ती अक्षरं खोडली, फोटो पाठवला, तेवढं मला पुरलं. तिथे पुन्हा गेले मात्र नाही.

त्याच महिन्यात सहामाही तपासणी होती. टीटीजी बराच उतरला होता, पण मर्यादेत नव्हता. हिमोग्लोबिन 10.9. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, बाहेर खाता का? मी हो म्हटल्यावर त्यांनी ओरडायच्या ऐवजी एक कार्ड करायला सांगितलं. परदेशात असं कार्ड छापील मिळतं म्हणे. मी मराठी आणि हिंदी अशा दोन बाजूंचं स्वतः लिहिलं, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केलं, 20 रुपयांना एक. इंग्रजी बाजू मुद्दाम ठेवली नाही, कारण ते वाचायचंय ते तव्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने. मजकूर असा:

"मला सीलिॲक हा आतड्याचा आजार आहे. गहू, आटा, मैदा, रवा, दलिया, शेवया, जव, पाव, ब्रेडचा चुरा, सोया सॉस आणि बाजारचा हिंग यांतलं काहीही, चिमूटभरसुद्धा, माझ्या ताटात आलं तर मी आजारी पडते. कृपया माझा मासा धुतलेल्या पॅनमध्ये, नव्या तेलात, वेगळ्या कालथ्याने करा. रवा नको; फक्त मीठ, हळद, तिखट, कोकम. जमण्यासारखं नसेल तर तसं सांगा. मी नुसता भात आणि दही आनंदाने खाईन."

पहिल्या मसुद्यात शेवटची दोन वाक्यं नव्हती. ती घातल्यापासून फार फरक पडला. गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं कोणाच्याही जिवावर येतं. वेटरच्या तर नोकरीचा प्रश्न असतो, मग तो "हो, होईल" म्हणून मोकळा होतो. नाही म्हटलं तरी बाई रागावणार नाही, उठून जाणार नाही, हे कागदावर दिसलं की खरं उत्तर येतं. मडगावच्या एका जागी आचारी स्वतः बाहेर येऊन म्हणाला, मॅडम, आज गर्दी आहे, माझा एक माणूस रजेवर आहे, मी खात्री देत नाही. त्या माणसावर माझा इतका विश्वास बसला की पुढच्या खेपेला फोन करून गेले आणि पोटभर जेवले.

वाळपईची गोष्ट वेगळी. संस्थेपासून थोड्या अंतरावर एका बाईंची खाणावळ आहे, चार टेबलं, स्वयंपाक त्या आणि त्यांची सून करतात. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं, चष्मा नव्हता, मला परत दिलं आणि विचारलं, "कितें जालां गो तुका? डायबेटीस?" मग मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, आतड्यापासून हिंगापर्यंत. काकींनी ऐकून घेतलं, फळीवरचं बिडाचं छोटं पॅन काढलं, म्हणाल्या, "हें तुजें. तूं भिवं नाका." मी तरी भीत-भीत म्हटलं की बिडाचं जुनं भांडं तेल-पीठ धरून ठेवतं, स्टीलचं असेल तर बरं. काकींना ते थोडं लागलं, दिसलंच. पण सुनेने स्टीलची कढई काढली, घासली, आणि त्यात माझ्यापुरती मुडदुशी तळली. आता मी जायच्या आदल्या दिवशी फोन करते. ती कढई फक्त माझी आहे असं काकी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतात, त्यामुळे अर्ध्या वाळपईला माझ्या आतड्याची हकिगत माहीत आहे. जेवण 150 रुपये, मासा वेगळा. समुद्राकाठच्या त्या रेस्टॉरंटपेक्षा इथे मी सुरक्षित का, तर इथे ज्या हाताला सांगितलं तोच हात तळतो. मधे वेटर, कॅप्टन, संगणकाचं तिकीट काही नाही.

अर्थात लहान जागा म्हणजे चांगलीच, असंही नाही. फोंड्याच्या एका खाणावळीत मालक प्रेमाने म्हणाले, "थोड्याने काय होतंय ताई, आमच्या आजीला सगळं चालायचं." त्यांना हात जोडले आणि नारळपाणी पिऊन निघाले. जो आजाराबद्दल वाद घालतो, तो तवा घासणार नाही.

सकाळच्या नाश्त्याचं सांगते, कारण फिरतीवर तोच जास्त अडतो. गोव्यात सकाळ म्हणजे भाजी-पाव, बन्स, मिरची. पाव-बन्स सरळच बाद. मिरची-भजी बेसनाची असली तरी कढई सामोशांशी वाटून घेतलेली, शिवाय सुट्या बेसनाचा भरवसा नाही. उडप्याकडे इडली हा माझा आधार. ती तव्यावर जात नाही, वाफेवर वेगळ्या साच्यात होते. पण रवा इडली नाही ना, हे विचारायचं, चटणी बिनफोडणीची मागायची आणि सांबाराला नमस्कार करायचा, त्यात हिंग असतोच. डोसा मी खात नाही. पीठ तांदळा-उडदाचं खरं, पण त्याच तव्यावर रवा डोसा आणि चपात्या होतात. पोहे मिळाले तर हिंग विचारून. नोव्हेंबरात दिवाळी आली तेव्हा मात्र मजा. आमच्याकडे नरकचतुर्दशीला फोवांचंच, म्हणजे पोह्यांचंच ताट: दुधातले, ताकातले, रोसातले, तिखटातले. घरोघर फोव खायला बोलावतात, आणि वर्षातल्या त्या एका सकाळी मी कोणालाही काहीही समजावत नाही. फक्त ताकातल्यांची फोडणी विचारते.

बाकी काय टाळते तेही एका दमात. तंदूर: त्याच भट्टीच्या भिंतीला नान चिकटवतात, पीठ खाली कोंबडीवर झडतं. चायनीज: सोया सॉसमध्ये गहू, मग भात असो की नूडल्स. काफ्रेल घरी बिनधास्त, पण हॉटेलात विचारून, कारण काही ठिकाणी त्यात बाटलीतले सॉस किंवा सूपचे क्यूब पडतात. शागोती बहुधा ठीक, मसाला भाजून वाटलेला असतो. विंदालूला माडाचं व्हिनेगर असेल तर चालतं, माल्ट व्हिनेगर नको. गोडात बिबिंका मैद्याची, सेरादुरा बिस्किटांच्या चुऱ्याची, दोन्ही बंद. दोदोल तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं. जत्रेतलं खाजं बेसन-गुळाचं, पण उघड्या दुकानात शेजारी काय-काय तळलंय ते बघून मी सोडून देते. बिअर जवाची, ती बंद. माझ्या नवऱ्याला फार उत्सुकता म्हणून सांगते: फेणी आणि हुराक काजूच्या बोंडांची, त्यात धान्य नाही. डॉक्टरांनी मान डोलावली, वर हिमोग्लोबिन बघा असंही म्हणाले.

बुफेबद्दल एक सूचना. ऑफिसचं संमेलन एका मोठ्या हॉटेलात होतं. मी चार दिवस आधी हॉटेलच्या बँक्वेट विभागाला ईमेल केली, डॉक्टरांचं पत्र जोडलं, आणि आदल्या दिवशी शेफशी फोनवर बोलले. ईमेल यासाठी की लेखी विनंती शिफ्ट बदलली तरी उरते. तोंडी सांगितलेलं सकाळच्या माणसाबरोबर घरी जातं. शेफने माझं ताट आतून, झाकून पाठवलं. बुफेवरून घेऊ नका, असं तोच म्हणाला: पदार्थ बिनगव्हाचा असला तरी पाहुणे पास्त्याचा डाव भातात घालतात. डॉक्टरांच्या या पत्राच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. त्यावर निदान, तारीख, नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. माझ्या डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत.

डिसेंबर 2024 मध्ये मावसबहिणीच्या मुलीचं लग्न फोंड्याला झालं. केटररला बहिणीने माझा नंबर दिला होता, पण त्याने फोन केला नाही, म्हणून मीच सकाळी आठला हॉलच्या मागे जाऊन उभी राहिले. भात, खतखतं, वाल, सोलकढी. खतखत्याला त्याने हिंग घातला नव्हता, वालाला घातला होता. त्याने पंगत बसायच्या आधी माझ्यापुरतं भात आणि खतखतं डब्यात काढून दिलं. पंगतीत मी केळीच्या पानावर माझा डबा उपडा केला आणि सगळ्यांबरोबर जेवले. वाढप्यांना पानावर हात आडवा धरून नको म्हणताना हात दुखला, एवढंच.

त्याच महिन्याचा रिपोर्ट: टीटीजी मर्यादेत, हिमोग्लोबिन 12.4. हाडांची घनता थोडी कमी आहे, त्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू. आता वर्षातून एकदा तपासणी. निदानापासून आजवर बाहेरच्या जेवणामुळे पुन्हा एकदा आजारी पडले, कुठे चुकलं ते कळलं नाही. असं होतं, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. त्या आठवड्यात काय, कुठे, किती वाजता खाल्लं ते वहीत लिहून ठेवलं आहे. तुम्हीही लिहा, दुसऱ्या वेळी ताळा करायला बरं पडतं.

एक गोष्ट लोक टाळतात. हा आजार घराण्यातून येतो, म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं यांची रक्तचाचणी करायची असते, त्रास नसला तरी. आमच्याकडे मुलीची नकारार्थी आली. दोडामार्गच्या धाकट्या भावाची आली होकारार्थी, नंतर एंडोस्कोपीतही तेच निघालं. त्याला कसलाही त्रास नव्हता, आणि तो गोव्यात टॅक्सी चालवतो, म्हणजे तिन्ही त्रिकाळ बाहेरचं. माझं कार्ड त्याला दिलं, "पडते" चं "पडतो" करून. पहिल्या महिन्यात त्याने ते एकदाही दाखवलं नाही, पुरुषमाणसाला लाज वाटते म्हणाला. आता वेटरला देत नाही, थेट आचाऱ्याला नेऊन देतो, आणि ड्रायव्हर म्हणून त्याला मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरता येतं, जे मला कधी जमलं नव्हतं. बाहेर येऊन तो मला फोन करतो: तवे किती, फ्रायर किती, हिंगाची डबी कुठली. पणजी, पेडणे आणि मडगावची मिळून आमची एक यादी झाली आहे. पंधरा-वीस नावं आहेत, समोर वेळा लिहिल्या आहेत, आणि आचारी बदलला की नाव खोडतो.